दर शनिवारी मी पेशंट

काकू, बावीस वर्षांच्या मुलीला दर शनिवारी दुपारी ऐंशी वर्षांचं करायचं, हे तुमच्याशिवाय कुणाला सुचलं नसतं.

मी तुमच्याकडे आले होते ती एक इंग्रजी पुस्तिका मराठीत करून द्यायला. भाजीवाल्याकडे आईने तुम्हाला सांगून टाकलं होतं, "आमची अनघा इंग्लिश मीडियमची, सायकॉलॉजी घेऊन बी.ए. झाली, पण चार माणसांत तोंड उघडेल तर शपथ." आईच्या लेखी ती तक्रार होती. तुम्ही ती शिफारस समजलात.

"बोलत नाही ना? उत्तम," तुम्ही मला दारातच म्हणालात. "बोलणाऱ्या माझ्याकडे पुष्कळ आहेत. बस त्या खुर्चीवर. आता तू पेशंट."

मी अजून चपलाही काढल्या नव्हत्या.

तुमच्या हॉलमध्ये सतरंजीवर बायका बसल्या होत्या. ब्युरोतून म्हाताऱ्या माणसांकडे कामाला जाणाऱ्या आया, काही नवीन, काही कंटाळून काम सोडलेल्या. डोंबिवलीत सकाळी मुलगा आणि सून कामावर गेले की घरात उरतात म्हातारी माणसं आणि ही एक बाई. त्यातल्या ज्यांना विसरण्याचा आजार असायचा, त्यांच्याकडे बाई आठवडाभरसुद्धा टिकायची नाही. म्हातारी चोरीचा आळ घ्यायची, म्हातारा भरलेलं ताट भिरकवायचा, आणि बाई संध्याकाळी ब्युरोत जाऊन सांगायची, दुसरं घर द्या. ठाण्याच्या इस्पितळातून मेट्रन म्हणून रिटायर होऊन तुम्ही घरी बसलात आणि सहा महिन्यांत हा वर्ग काढलात. कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलेलं तुम्ही कधी ऐकलंही नसतंत.

आजाराला नाव काय द्यायचं, हे आपलं पहिलं भांडण. घरोघरी म्हणायचे म्हातारचळ. तो शब्द तुमच्या हॉलमध्ये बंद होता. उच्चारला की चहा नाही. मी शब्दकोशात बघून 'स्मृतिभ्रंश' आणला. मानपाड्याकडच्या गावातून येणाऱ्या जनाबाईंनी तो दोनदा म्हणून बघितला आणि मला विचारलं, "पोरी, येवरा मोटा नाव घेतल्यावर म्हातारा बरा व्हनार हाय का?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग मी डोक्याचा आजार बोलतंय."

तुम्ही जनाबाईंच्या बाजूने निकाल दिलात. मला वाईट वाटलं, कारण शब्दकोश जाडजूड होता आणि मी तो कोपरहून, माझ्या घरून, चालत आणला होता.

त्या पुस्तिकेचं भाषांतर मी जिवापाड केलं होतं. पेशंटला शेकोटीजवळच्या आरामखुर्चीत बसवावे. कुत्र्याला कुरवाळू द्यावे. बागेतल्या गुलाबांची छाटणी करण्यास उत्तेजन द्यावे. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून ते मोठ्याने वाचलंत. "शेकोटी," तुम्ही म्हणालात. "आपल्याकडे कुणाला गॅसच्या शेगडीपाशी नेऊन बसवू? कुत्रं खालचं चालेल का? ते परवा पोस्टमनला चावलंय." मग लाल पेन घेऊन तुम्ही गुलाबांच्या जागी मेथी निवडणे लिहिलंत, कुत्र्याच्या जागी लसूण सोलणे आणि शेकोटीच्या जागी गॅलरी, ऊन असेल तर. त्या दिवसापासून पेशंट म्हणून मी किती लसूण सोलला असेल! रविवारी घरात आई नाक वर करून हिंडायची. म्हणायची, "सायकॉलॉजीला असला वास असतो हे मला माहीत नव्हतं."

तुमची शिकवायची पद्धत सोपी होती. मी खुर्चीवर बसून काहीतरी आडमुठेपणा करायचा आणि बायकांनी एकेक करून मला सांभाळायचं. जेवणार नाही म्हणायचं. अंघोळ आत्ताच झाली म्हणायचं. जनाबाई मला खिचडी भरवायच्या त्या पोतं भरल्यासारख्या. पहिला घास गिळायच्या आत दुसरा तोंडाशी. तुम्ही ओरडायचात, "जनाबाई, ती माणूस आहे, गोणी नाही!" आणि जनाबाई तितक्याच शांतपणे, "मानूस हाय म्हनून तं भरवतंय. गोनी कोन भरवतं?"

मला त्या खुर्चीत काय झालं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. शाळेत मी शेवटच्या बाकावर बसायचे आणि एकदा हजेरीच्या वेळी मिसने माझ्याकडे बघत मला गैरहजर मांडलं होतं. तीच मी, तिसऱ्या की चौथ्या शनिवारी, तुमच्या हॉलमध्ये काठी आपटून किंचाळले, "मला घरी जायचंय! तुम्ही सगळ्या कोण आहात?" शेजारच्या ब्लॉकमधून कुणीतरी दार उघडून बघून गेलं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. घरी जाताना माझ्या लक्षात आलं, की मला घसा आहे.

मग मी सुटलेच. वंदनावर बांगड्यांच्या चोरीचा आळ घेतला. वंदना वर्गातली सगळ्यांत लहान, माझ्याच वयाची, आणि तेव्हा सगळ्यांत भित्री. तिने पिशवी सतरंजीवर उलटी केली, कंगवा, डबा, रुमाल, आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "ताई, खरंच नाही घेतल्या हो. आईशप्पथ."

"अगं, पेशंट आहे ती!" तुम्ही कपाळावर हात मारलात. "आणि तिने बांगड्या घातल्याच नव्हत्या आज!"

"हो का?" वंदना म्हणाली. "मला वाटलं, मीच कुठे ठेवल्या."

खरा पेशंट त्याच हॉलच्या दाराशी बसलेला असायचा. तुमचे नाना. मानपाड्याच्या रस्त्यावर रंगाचा कारखाना होता, तिथे त्यांनी आयुष्यभर स्टोअर सांभाळलं होतं, आणि आता बाकी सगळं विसरले तरी माल पासशिवाय गेटबाहेर जाऊ द्यायचा नाही, हे विसरले नव्हते. वर्ग सुटला की बायका त्यांच्यासमोर रांगेत पिशव्या उघडून उभ्या राहायच्या. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूचे कागद फाडून ते पास लिहायचे: 'छत्री एक, डबा एक. जाऊ द्यावे.' खाली सही, झोकदार. जनाबाईंच्या पिशवीत बहुतेक वेळा सुकट असायची. नाना वास घेऊन विचार करायचे आणि लिहायचे, 'माल आपला नाही. जाऊ द्यावे.'

मी एकदा तुम्हाला विचारलं, वर्गासाठी नानाच आहेत की, मग मी कशाला? तुम्ही माझ्याकडे बघितलंत ते अजून आठवतं. "ते पेशंट नाहीत. नवरा आहे तो माझा. त्यांना बायकांसमोर मांडून दाखवायचं नाही." आणि लगेच, "शिवाय तू जास्त चांगलं करतेस. त्यांचं रोज तेच ते."

एका शनिवारी सगळ्या गेल्यावर आपण दोघी कपबशा विसळत होतो. पाण्याच्या आवाजात तुम्ही सांगितलंत, अगदी किराणा सांगावा तसं, की तुमच्या हृदयाचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणतात जपा. आता जपून कुठपर्यंत जाणार. "आणि यांची तब्येत बघ. ठणठणीत. हे माझ्याआधी जायचे नाहीत."

मी बशी पुसत राहिले.

"श्रीरंग यांना बडोद्याला घेऊन जाईल," तुम्ही म्हणालात. "मुलगा वाईट नाही माझा. उलट फार चांगला आहे, म्हणून तर नेईल. पण अनघा, यांना आता या जगातली एकच गोष्ट नक्की ठाऊक आहे. या घरातला संडास कुठे आहे. तेवढीसुद्धा काढून घ्यायची का त्यांच्याकडून?"

तेव्हा मला कळलं, वर्ग कशासाठी आहे. बायका शिकून डोंबिवलीभर जात होत्या, घरं टिकवत होत्या, ते चांगलंच होतं. पण तुम्हाला एक हवी होती. तुम्ही नसताना नानांना याच घरात ठेवू शकेल अशी एकच. दर शनिवारी तुम्ही सतरंजीवरून नजर फिरवायचात ती तिला शोधत. हे कुणाला सांगू नकोस, म्हणालात. तेवढं मला कुणी सांगावं लागत नाही.

आता आपलं मोठं भांडण. त्याला सुरुवात झाली ती तुम्ही मला विधवा केलंत त्या शनिवारी. मी म्हातारी, माझा नवरा जाऊन दहा वर्षं झालीत, मला आठवत नाही, आणि मी विचारतेय, हे अजून कसे आले नाहीत? बायकांनी म्हणायचं, बाजारात गेलेत, येतील. वंदनाने तसं म्हटलं. मी खुर्चीतून उठले. वर्गात पेशंट सोडून मी म्हणून पहिल्यांदाच बोलले, आणि घाबरून इंग्रजीत बोलले, की दॅट इज अ लाय.

"मग काय करायचं?" तुम्ही म्हणालात. "दर तासाला तिचा नवरा नव्याने मारायचा?"

माझी उत्तरं मला कोपरच्या पुलावर सुचतात, घरी जाताना. पुढच्या शनिवारी मी उत्तर घेऊन आले. की असं रोज फसवत राहिलो तर ती आपल्यावर विश्वास कसा ठेवील? तुम्ही म्हणालात, तिला आठवणारच नाही. मी म्हटलं, शब्द आठवणार नाहीत, पण ही बाई आपल्याला बनवतेय हे चेहऱ्यावरून कळेल. तुम्ही म्हणालात, "मग चेहरा शिकव त्यांना. त्यासाठीच बसवलंय तुला." त्यानंतर पावसाळा संपला, दिवाळी झाली, भांडण चालूच. वर्गात दोन पक्ष पडले. वंदना तुमच्या बाजूने, कारण ती तुम्हाला घाबरायची. जनाबाई कुणाच्याच नाहीत. "ना खरा सांगाचा, ना खोटा," त्या म्हणायच्या. "चाय ठेवाचा."

तुमचा एक नियम मात्र सगळ्यांना पाठ होता: पेशंट म्हणेल त्याला नाही म्हणायचं नाही. या नियमाने काय केलं ते आपण दोघींनी कुणाला सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नसावी.

एका शनिवारी वर्गाला सुट्टी देऊन तुम्हाला ठाण्याला डॉक्टरकडे जायचं होतं. नानांजवळ पहिल्यांदाच वंदनाला एकटीला ठेवलं होतं. मी तुमच्याबरोबर होते, फाइल धरायला. परत आलो तर दार उघडं आणि वंदना कणिक मळतेय.

"हे कुठायत?" तुम्ही विचारलंत.

"ड्युटीवर गेले," वंदना म्हणाली.

"कुठल्या ड्युटीवर?"

तेव्हा तिने फडक्याला हात पुसून कागद दाखवला. नानांनी स्वतःलाच पास दिला होता. 'स्वतः एक, पिशवी एक. जाऊ द्यावे.' सही. वंदनाने तो वाचला होता, पिशवी तपासली होती, आणि कडी काढून दिली होती. "नाही म्हणायचं नाही असं तुम्हीच शिकवलंय ना, सिस्टर," ती म्हणाली. "मी त्यांना नीट जा पण म्हटलं."

तुम्ही, मी आणि पिठाच्या हातांची वंदना, तिघी रिक्षात बसलो. रिक्षावाला म्हणाला, "बाबा दिसतात कसे, सांगा ना." तुम्ही म्हणालात, "उंच, गोरे, पांढरा शर्ट. आणि कुणी विचारलं नाही तरी पिशव्या बघतील." रिक्षा मानपाड्याला लागली. वंदना सगळा रस्ता देवाचं नाव घेत होती आणि तुम्ही मध्येच म्हणत होतात, "शीळफाट्याच्या बसमध्ये चढले असले तर संपलं. मग श्रीरंगला कळवावंच लागेल." तुम्हाला भीती कसली होती ते मला माहीत होतं. म्हातारा हरवला हे एक, आणि सापडला तरी बडोदा, हे दुसरं.

नाना त्यांच्या कारखान्याच्या गेटवर होते. वॉचमन नवीन होता. एवढ्या ऐटीत चालत आलेला माणूस हेड ऑफिसचा असणार, म्हणून त्याने स्वतःची खुर्ची आणि चहा दिला होता. समोर शिफ्ट सुटलेली माणसं डबे उघडून रांगेत उभी होती. एकाच्या डब्यात उरलेली अर्धी पोळी होती, नाना त्याला विचारत होते, "ही आणली होती का इथलीच?"

तुम्ही रांग सोडून पुढे गेलात. नानांनी वर बघितलं. "बाई, तुमचा पास?"

"घरी राहिला," तुम्ही म्हणालात. "बरोबर चला, दाखवते."

नाना उठले, वॉचमनला म्हणाले, "गेटवर लक्ष असू दे," आणि रिक्षात येऊन बसले. मी तुमच्याकडे बघतही नव्हते. थोड्या वेळाने तुम्ही म्हणालात, "बोल, बोल. खोटं बोलले मी."

"मी काही म्हटलं नाही, काकू."

"मनात म्हणालीस. मला ऐकू आलं."

दुसऱ्या दिवशी रविवारी श्रीरंगदादांचा बडोद्याहून एसटीडी फोन आला तेव्हा मी तुमच्याकडेच होते. तुम्ही सगळ्यांना ओठांवर बोट ठेवून दाखवलंत. नानांना तेवढं कळत नव्हतं. रिसीव्हर हातात येताच ते म्हणाले, "काल ड्युटीवर गेलो होतो. रांग मोठी होती. मग एक बाई आली आणि रिक्षातून घेऊन आली." मग फोन तुमच्याकडे आला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण तुम्ही फार दुःखी आवाजात म्हणालात, "हो रे बाबा. आता असलं काहीही बोलतात. आपण हो म्हणायचं." फोन ठेवलात आणि पदर तोंडात घालून हसलात, इतकं की खाली बसावं लागलं, आणि मला वाटलं आता हृदयाला काही होतंय, म्हणून मी पाणी आणायला धावले.

वंदनाला तुम्ही काढून टाकाल असं मला आणि तिलाही वाटत होतं. तुम्ही ठेवलंत. नाना पुन्हा स्वतःच्या नावाचा पास घेऊन दाराशी आले तेव्हा तीच होती. ती पास निरखून बघत म्हणाली, "साहेब, यावर शिक्का नाही. शिक्का सिस्टरच्या कपाटात आहे. त्या येईपर्यंत बसता का?" नाना म्हणाले, "बरोबर आहे. बिनशिक्क्याचा सोडायचा नाही," आणि बसले. तुम्ही स्वयंपाकघरातून ऐकत होतात. तुम्ही माझा दंड एवढ्या जोराने दाबलात की वळ उठला. तुम्हाला तुमची एक मिळाली होती.

तेवढ्यासाठीच थांबल्यासारख्या गेलात. थंडी संपायच्या आत.

त्या सकाळी हॉल भरला होता आणि नाना दाराशी आपल्या जागेवर होते. येणाऱ्यांच्या पिशव्या त्यांनी उघडून बघितल्या. कोपऱ्यावरच्या घरातल्या एका बाईंनी आणलेल्या हारासाठी कागद फाडला: 'हार एक. आत जाऊ द्यावा.' कुणाला हसू आलं, कुणाला रडू, बऱ्याच जणांना दोन्ही. मग तुम्हाला न्यायची वेळ झाली आणि खांदा देणारे दाराशी आले, तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं, की आता नाना पास मागणार. वंदना पुढे सरकली, बहुतेक शिक्क्याचं काहीतरी बोलायला. नानांनी आपली खुर्ची ओढून बाजूला घेतली आणि हात जोडून भिंतीशी उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वंदनाला विचारलं, "सुमती कुठे आहे?"

वंदनाने तुमचा धडा म्हटला. "बाजारात गेल्यात, नाना. येतील."

नाना तिच्याकडे बघत राहिले. "अगं, ती वारली," ते म्हणाले. "तुला कुणी सांगितलं नाही का?" आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवायला लागले, उगी उगी म्हणत. वंदना त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. दुपारी त्यांनी पुन्हा विचारलं. सकाळच्या अनुभवाने शहाणी होऊन तिने या वेळी खरं सांगितलं. नानांना ते नवीनच होतं. ते ज्या आवाजात रडले तो मी इथे लिहीत नाही. तुमचा नियम सकाळी पडला, काकू, आणि माझा दुपारी.

तेरावा झाला आणि श्रीरंगदादांनी बडोद्याची तिकिटं काढायचं बोलून दाखवलं. तुम्ही म्हणाला होतात तसेच ते आहेत, चांगले. नानांसाठी वेगळी खोली काढलीय, वहिनींनी नोकरीत रजाही मागून ठेवलीय. वंदना आणि जनाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. दादा माझ्याकडे वळले. "अनघा, तुझं शिक्षण यातलं आहे. तू आईला मदत करायचीस. तूच सांग, मी काय चूक करतोय?"

माझ्या डोक्यात सगळं रांगेत होतं. संडासाचं, वंदनाचं, तुमचं कपबशा विसळतानाचं. तोंडात काही येईना. पुलावर जाऊन येते असं सांगता येत नव्हतं. सगळे बघत होते. मला एकच गोष्ट येते. मी जाऊन नानांच्या खुर्चीवर पेशंट होऊन बसले.

"मी नाना," मी म्हटलं. "हे बडोदा. तुम्ही श्रीरंग."

दादांना वाटलं माझं काहीतरी बिनसलंय. पण वंदना आणि जनाबाई सवयीने सतरंजीवर जाऊन बसल्या, तेव्हा त्यांनाही तिथून हलणं जमेना.

"संडास कुठे आहे?" मी विचारलं, म्हाताऱ्या आवाजात.

"डावीकडे," दादा हसत म्हणाले.

मी उठले, उजवीकडे गेले आणि कपाटासमोर जाऊन उभी राहिले. "संडास कुठे आहे?"

"बाबा, डावीकडे."

मी कपाट उघडलं. "संडास कुठे आहे?"

"डावीकडे, बाबा, डावीकडे!"

"वरडाचा नाय," जनाबाई खालून म्हणाल्या. "त्यांना ऐकू येतंय. सापरत नाय."

दादांचं हसू गेलं होतं. मी परत येऊन बसले. तिथे थांबायचं असं मी ठरवलं होतं. पण नाना ज्या खुर्चीत बसतात तिथे बसून, त्यांच्यासारखे हात गुडघ्यांवर ठेवल्यावर, पुढचा प्रश्न आपोआप आला. "सुमती कुठे आहे?"

"अनघा, नको," दादा म्हणाले.

"अनघा कोण?" मी विचारलं.

ते सतरंजीवर बसले. मला काय करावं कळेना. वर्गात अशा वेळी तुम्ही म्हणायचात, बास, आता चहा. तुम्ही काही म्हणाला नाहीत. तेवढ्यात आतल्या खोलीतून नाना बाहेर आले, मला बघून म्हणाले, "ही कोण? उठ." मी उठले. ते बसले आणि समोर जमिनीवर बसलेल्या मुलाला विचारू लागले, "सुमती कुठे आहे?"

वंदनाने डोळे मिटून घेतले. दादांनी एकदा माझ्याकडे बघितलं. बाजाराचं उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं आणि खरं त्यांच्या तोंडातून निघत नव्हतं. ते म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं, बाबा? कुठे असेल?"

नानांनी विचार केला. स्टोअरमधला एखादा डबा कुठल्या फळीवर आहे ते आठवावं तसा.

"भांडत असेल," ते म्हणाले. "दुधाच्या सेंटरवर बघ. फुटकी पिशवी दिली असेल त्याने. आता सोडत नाही ती त्याला."

पहिल्या हसल्या जनाबाई. मग दादा, आणि त्यांचं हसू मध्येच दुसरं काहीतरी झालं, तसे ते नानांच्या गुडघ्याला धरून बसले. नाना त्यांना म्हणाले, "तू कशाला रडतोस? तुझ्याशी नाही भांडत आहे ती."

दादा एकटेच बडोद्याला गेले. मे महिन्यापर्यंत बघू, म्हणालेत. महिन्यातून एकदा येणार आहेत. वंदना तुमच्या घरातच राहते, तिच्या सुटीच्या दिवशी जनाबाई येतात. मेनंतरचं मला ठाऊक नाही, आणि तुम्हाला खोटं सांगणार नाही. तुमच्याशी तरी नाही. शनिवारी बायका आपोआप जमल्या. शिकवायला कुणी नाही आणि पेशंट तयार, असा प्रकार झाला. शेवटी वंदनाने तुमचा चष्मा कपाळावर चढवला आणि मला म्हणाली, "बसा."

खरं की खोटं, हे आपलं भांडण मी अजून सोडलेलं नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बघ, जिंकले मी, शेवटी त्यांना काहीतरी गोष्टच लागली. मी म्हटलं असतं, पण ती त्यांची गोष्ट आहे काकू, आपण सांगितलेली नाही. आणि तुम्ही त्यावरून आणखी तीन महिने भांडला असतात.

आता आम्ही रोज नानांनाच विचारतो, सुमतीबाई कुठे असतील. ते तुम्हाला रोज नवीन ठिकाणी पाठवतात. सोमवारी तुम्ही रेशनच्या दुकानात होतात, वजनावरून. मधल्या एका दिवशी वीजबिलाच्या खिडकीवर. एकदा तर श्रीरंगच्या शाळेत, मास्तरांनी त्याला उगाच बाकावर उभं केलं म्हणून. आज सकाळी मी विचारलं, तर नाना गॅलरीतून रस्त्याकडे बघत म्हणाले, "कुठल्याशा डॉक्टरला धरलंय तिने आज. मोठा डॉक्टर आहे, पण ऐकायची नाही. वेळ लागेल तिला." मग आत वळून म्हणाले, "तुम्ही पोरी थांबू नका. जेवून घ्या."

वंदनाने तीन ताटं घेतली. मी नानांच्या शेजारी बसले.